ट्युझडे नाइट टायटन्स: रेसलिंगचा शो की टॉक शो? कोणी नीट बघितलाय का?

मिडकार्डर

मंडळी, जुन्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) क्लिप्स चाळताना एक भलतंच प्रकरण हाती लागलं, त्याबद्दल विचारायचंय. शोचं नाव ट्युझडे नाइट टायटन्स. रिंग नाही, रोप्स नाहीत, सरळ टॉक शोचा सेट लावलाय. टेबलामागे सूट घातलेला तरुण विन्स मॅकमॅहन, बाजूला लॉर्ड आल्फ्रेड हेज, आणि एकेक रेसलर येऊन बसतोय नि विन्स त्याला अगदी अमेरिकन टॉक शोवाल्या जॉनी कार्सनच्या थाटात प्रश्न विचारतोय. मधेच एखादी मॅच दाखवतात, की परत गप्पा सुरू. मी जे बघितलं त्यात डॉन मुराको आणि मिस्टर फुजी या रेसलर्सनी मियामी व्हाइस या पोलिसी मालिकेची नक्कल केली होती, फुजी व्हाइस नावाने, आणि अ‍ॅक्टिंग इतकी वाईट की विन्सला हसू आवरेना.

आता माझा गोंधळ असा. हे सगळं १९८४-८५ च्या आसपासचं, म्हणजे केफेब (रेसलिंग ठरवून केलेलं असतं हे लोकांपासून लपवायचं) अगदी कडक पाळायचे तो काळ. हील (खलनायक) आणि बेबीफेस (नायक) लोकांसमोर एकत्र दिसले तरी पंचाईत, आणि बाहेर कोणी 'हे सगळं आधी ठरलेलं असतं ना' असं तोंडावर विचारलं तर प्रकरण हातघाईवर यायचं. मग त्याच काळात, त्याच कंपनीने, त्याच माणसांना घेऊन विनोदी शो चालवला कसा? लोकांचा विश्वास उडेल ही भीती वाटली नाही का? आणि चालत होता तर बंद का केला? ज्यांनी बरेच एपिसोड बघितलेत त्यांनी जरा सविस्तर सांगा, आणि बघायला सुरुवात कुठून करू तेही सांगा.

टर्नबकल

या शोबद्दल कोणीतरी विचारलं याचाच आनंद झाला, कारण रेसलिंगच्या इतिहासावर एवढं लिहिलं जातं पण टीएनटीला (ट्युझडे नाइट टायटन्सला) लोक दोन ओळीत उरकतात, 'विन्सचा विचित्र प्रयोग' म्हणून. माझ्या मते त्या काळातली ती सगळ्यात हुशार गोष्ट होती.

आधी काळ बघ. शो सुरू झाला २९ मे १९८४ ला, यूएसए नेटवर्क या केबल चॅनलवर, आणि शेवटचा एपिसोड २४ सप्टेंबर १९८६ चा. विन्सने वडिलांकडून कंपनी घेतली १९८२ मधे. २३ जानेवारी १९८४ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधे हल्क होगनने आयर्न शेखला हरवून चॅम्पियनशिपचा बेल्ट घेतला, जुलैमधे गायिका सिंडी लॉपरला सोबत घेऊन एमटीव्हीवर मॅच दाखवली, आणि ३१ मार्च १९८५ ला पहिली रेसलमेनिया, म्हणजे कंपनीचा सगळ्यात मोठा शो. म्हणजे टीएनटी अगदी त्या उसळीच्या मधोमध आला. त्याआधी अमेरिकेत रेसलिंग म्हणजे टेरिटरीत वाटलेला धंदा, प्रत्येकाचा आपापला भाग, आपापला टीव्हीचा तास, आपापले स्टार. विन्सला देशभर एकच नाव करायचं होतं आणि त्यासाठी त्याला आधी माणसं लोकांच्या ओळखीची करून द्यायची होती. टीव्हीवरच्या मॅचमधे काय व्हायचं, एखादा मोठा रेसलर यायचा, एका जॉबरला (हरण्यासाठीच आणलेल्या रेसलरला) तीन मिनिटांत झोपवायचा, मग दीड मिनिटाचा ओरडून ओरडून प्रोमो (माइकवरचं भाषण), संपलं. त्यात माणूस कळत नाही. सोफ्यावर दहा मिनिटं बसवला की कळतो.

आता तुझा मुख्य प्रश्न, केफेबच्या काळात विनोद कसा चालला. मी यावर खूप विचार केलाय आणि माझं उत्तर असं आहे की टीएनटीवर एक प्रश्न कधीच विचारला जात नाही, 'हे खरं आहे का'. बस, एवढंच. बाकी काहीही विचारा.

त्याच वर्षांत रेसलर लोक दुसऱ्यांच्या शोवर गेले तेव्हा काय झालं ते आठव. १९८२ मधे रेसलर जेरी लॉलर आणि कॉमेडियन अँडी कॉफमन डेव्हिड लेटरमनच्या टॉक शोवर गेले, लॉलरने त्याला बसल्या जागी अशी थोबाडीत मारली की तो खुर्चीतून खाली. ते दोघांचं ठरलेलं होतं हे फार वर्षांनी बाहेर आलं, पण तेव्हा सगळ्या देशाला खरं वाटलं. २८ डिसेंबर १९८४ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधे एबीसी चॅनलचा रिपोर्टर जॉन स्टॉसेल रेसलर डेव्हिड शुल्ट्झला म्हणाला की मला हे फेक वाटतं, तर शुल्ट्झने त्याला दोन्ही कानांवर हाणलं, आणि ते काही ठरलेलं नव्हतं, प्रकरण पुढे कोर्टात गेलं. मार्च १९८५ मधे, रेसलमेनियाच्या जेमतेम चार दिवस आधी, एका टॉक शोचा होस्ट रिचर्ड बेल्झरने होगनला एखादा होल्ड दाखव म्हणून डिवचलं, होगनने त्याची मान अशी आवळली की तो बेशुद्ध झाला, खाली पडताना डोकं आपटलं, रक्त आलं. तोही वाद कोर्टात.

तिन्ही ठिकाणी कारण एकच. समोरचा माणूस बाहेरचा आहे, त्याला शंका आहे, आणि रेसलरला आपला धंदा तिथल्या तिथे सिद्ध करून दाखवायचाय. तिथे हसणं परवडतच नाही. टीएनटीवर टेबलामागे बसलेला माणूस घरचा आहे, त्याच्या मनात शंका नाही, त्यामुळे रेसलरला स्वतःला सिद्ध करायची गरजच उरत नाही आणि तो खुशाल वेडेपणा करू शकतो. म्हणून मी म्हणतो की टॉक शोचा सेट हा नुसता गंमत म्हणून घेतलेला नव्हता. बाहेरच्या टॉक शोवर जे धोक्याचं होतं ते यांनी आपल्या घरात आणून बिनधोक केलं. आणि एक लक्षात घे, तेव्हाच्या साध्या प्रेक्षकाला विन्स म्हणजे कॉमेंट्री करणारा माणूस एवढंच माहीत होतं, मालक म्हणून तो टीव्हीवर मिरवत नव्हता. प्रेसिडेंट म्हणून जॅक टनीला दाखवायचे. त्यामुळे सोफ्यावर बसलेला हील त्याला खुशाल झापू शकत होता आणि ते बघणाऱ्याला पटायचं.

दोन_पॉइंट_नऊ

वरचं सगळं मान्य, फक्त फुजी व्हाइसबद्दल थोडं सांगतो, कारण तिथेच ही गोष्ट सगळ्यात छान दिसते.

ते बघताना मुराकोचा चेहरा बघ. समोर क्लिप चालू आहे, संवाद पाठ केल्यासारखे एका सुरात म्हटलेत, फुजी तर पोलिसी अधिकारी म्हणून कुठल्याच अंगाने पटत नाही, इकडे विन्स हसून हसून बेजार, आणि मुराको मात्र खरोखर दुखावलेला, की आम्ही एवढी कला सादर केली आणि हा काय प्रकार. त्याचा पवित्रा कायम असाच, कौतुक नाही झालं तर चूक बघणाऱ्याची. आता यातली चलाखी बघ. सगळे मिळून कशावर हसतायत, तर या दोघांना अ‍ॅक्टिंग येत नाही यावर. म्हणजे न बोलता असं ठरून गेलं की हे दोघं रिंगमधे जे करतात ती अ‍ॅक्टिंग नाही! ज्याला कॅमेऱ्यासमोर साधं एक वाक्य धड म्हणता येत नाही तो शनिवारी रात्री वीस हजार लोकांसमोर नाटक कसं करेल? विनोदामुळे केफेबला धक्का बसला नाही, उलट ते आणखी घट्ट झालं. हे कोणी कागदावर मांडून केलं असेल असं नाही, पण झालं खरं. पुढे त्यांनी हॉस्पिटलच्या मालिकेची नक्कल केली, फुजी जनरल, तीही त्याच जातीची.

आणि मुराको मुळात किती चांगला रेसलर होता हे विसरू नका. जिमी स्नुका या रेसलरने १९८३ मधे मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या पिंजऱ्यावरून ती उडी मारली ती ज्याच्या अंगावर, तो हाच मुराको. त्या माणसाला सोफ्यावर बसून रुसलेलं बघणं यातच अर्धी मजा आहे.

दुसरं म्हणजे जॉर्ज 'दी अ‍ॅनिमल' स्टील. रिंगमधे हा हिरवी जीभ काढून टर्नबकल (रिंगच्या कोपऱ्यातली गादी) फाडून खाणारा, बोलता न येणारा माणूस. १९८५ मधे तो चांगल्या बाजूला आला आणि मॅनेजर कॅप्टन लू अल्बानोने त्याला 'सुधारायचं' मनावर घेतलं, डॉक्टर काय, विजेचे झटके काय, टीएनटीवर ते सगळं हप्त्याहप्त्याने दाखवलं. प्रत्यक्षात हा माणूस मिशिगनमधल्या शाळेत शिक्षक आणि फुटबॉलचा कोच होता, पदव्युत्तर शिकलेला, जिम मायर्स. एक शिकलेला मास्तर मठ्ठ माणसाचं सोंग करतोय आणि त्या मठ्ठ माणसाला कोणीतरी शिकवायला बघतंय. मला ते नुसतं हसवत नाही, त्यात शोने स्टीलला इतकं लोभस केलंय की पुढे रॅंडी सॅव्हेजची मॅनेजर एलिझाबेथवर त्याचं जे भाबडं प्रेम दाखवलं ते लोकांनी लगेच स्वीकारलं, कारण तोवर स्टील सगळ्यांना घरातला वाटायला लागला होता.

हेजबद्दल कोणीच लिहीत नाही म्हणून लिहितो. हा स्वतः इंग्लंडमधला रेसलर, नंतर अमेरिकेत मॅनेजर म्हणूनही काम केलेला, आणि लॉर्ड वगैरे काही नव्हता, ते गिमिक, म्हणजे घेतलेलं सोंग. कार्सनशेजारी एड मॅकमॅहन बसायचा तसा हा विन्सशेजारी, आडनाव सारखं असलं तरी एडचं नि विन्सचं काही नातं नाही. हेज कधीही विनोद स्वतःकडे ओढत नाही. समोर काहीही घडो, तो सज्जनपणे, सभ्य भाषेत, जरासा धास्तावून एक वाक्य टाकतो आणि थांबतो. ते थांबणं फार अवघड असतं. टॉक शोमधे बाजूला बसणाऱ्याचं काम किती कठीण आहे ते हेजला बघून कळतं.

मिडकार्डर

वा, फुजी व्हाइसचा हा कोन डोक्यातच आला नव्हता. एक विचारू का, त्या लग्नाच्या एपिसोडबद्दल ऐकलंय, ते याच शोवर झालं का?

दोन_पॉइंट_नऊ

हो, पॉल 'बुचर' वॅशनचं लग्न, १९८४. रेसलर मॅड डॉग वॅशनचा भाऊ. नवरीचं नाव ओफेलिया. रेसलिंगमधली सगळी लग्नं शेवटी राड्यात जातात हे आता आपल्याला पाठ झालंय, १९९१ च्या समरस्लॅम या मोठ्या शोमधलं सॅव्हेज आणि एलिझाबेथचं लग्न घ्या, पार्टीत साप निघाला होता. पण वॅशनचं लग्न त्याच्याही आधीचं. गंमत अशी की शो लग्नाला लग्नासारखंच वागवतो. पाहुणे जमलेत, ज्यांची रिंगमधे दुश्मनी आहे ते चांगले कपडे घालून एका छताखाली उभे आहेत, आणि बघणाऱ्याला आधीपासून माहीत की आता कोणीतरी बिघडवणार, प्रश्न एवढाच की कोण आणि कधी. बिघडवतो तो डेव्हिड शुल्ट्झ, वर स्टॉसेलच्या किश्श्यात आलाय तोच. त्याला बघून कधीच असं वाटत नाही की हा शोसाठी रागावलाय, बाकी सगळे विनोदी शोमधे असतात, हा एकटा नसतो. असा एक माणूस त्या खोलीत असणं फार गरजेचं होतं, नाहीतर सगळंच पोकळ वाटलं असतं.

कॉर्नरमन

मला या शोबद्दल एवढं प्रेम नाहीये आणि थोडी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

एक तर सलग बघायला घेतलं तर बरेच एपिसोड रटाळ आहेत. हिऱ्यासारखी पाच-दहा मिनिटं आणि मग बराच वेळ ज्या माणसाला गप्पा मारता येत नाहीत त्याच्याशी गप्पा. प्रत्येक जण फ्रेडी ब्लॅसी किंवा अल्बानोसारखा बोलघेवडा मॅनेजर नसतो. सोफ्यावर बसवल्यावर माणूस कळतो हे खरं, पण काही वेळा हेही कळतं की या माणसात दीड मिनिटाच्या प्रोमोपलीकडे काही नाही, आणि ते बघणं त्याच्याही फायद्याचं नसतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कमाला नावाच्या रेसलरला या शोवर आणलं होतं, फ्रेडी ब्लॅसी मॅनेजर, आणि जिवंत कोंबडी खाल्ल्याचा देखावा केला होता. कमाला म्हणजे जेम्स हॅरिस, अमेरिकेतल्या मिसिसिपीचा काळा माणूस, त्याला युगांडाचा नरभक्षक म्हणून रंग फासून उभा केला, तोंडातून शब्द नाही काढू दिला. रिंगमधे निदान त्याच्या ताकदीला तरी जागा होती. टॉक शोच्या सेटवर त्याच्यापुढे सुटाबुटातली गोरी माणसं बसलेली आणि हा जमिनीवर, हे चित्र बघून मला हसू येत नाही, घुसमटतं. स्टीलचं सोंग आणि कमालाचं सोंग वरवर सारखं दिसेल, दोघंही न बोलणारे. पण स्टीलला शो हळूहळू माणूस बनवत नेतो, कमालाला ती संधी कधीच मिळत नाही. टॉक शो हा प्रकारच असा आहे की कोणाला बोलायचा हक्क आहे आणि कोणाला नाही ते उघड दिसतं. फुजीचं तसंच थोडंफार, हॅरी फुजिवारा हवाईत जन्मलेला अमेरिकन, पण भूमिका कायम कपटी परदेशी जपान्याची. नवीन बघणाऱ्याने हे डोळ्यांआड करू नये एवढंच म्हणणं आहे.

आणि विन्सबद्दल. त्याच्यावर २०२४ च्या जानेवारीत जो खटला दाखल झाला आणि त्याला टीकेओ (डब्ल्यूडब्ल्यूईची मालक कंपनी) सोडावं लागलं, त्यातले आरोप वाचल्यावर मला त्याला टेबलामागे खळखळून हसताना बघवत नाही. ज्याचं त्याने ठरवावं.

टर्नबकल

कॉर्नरमन, कमालाबद्दल तुझं शंभर टक्के बरोबर आहे आणि स्टीलशी केलेली तुलना मला फार पटली. शेवटचा मुद्दाही समजतो. मी तो शो विन्ससाठी बघत नाही, पण पडद्यावर तोच आहे हे टाळता येत नाही.

रटाळपणावर मात्र वाद घालेन. पाच-दहा मिनिटं हिरा आणि बाकी भरताड, हे त्या काळच्या कुठल्याही रेसलिंग शोबद्दल म्हणता येईल, दुसऱ्या शोमधलं भरताड म्हणजे एकतर्फी मॅच. इथलं भरताड निदान वेगळं होतं. एखाद्या रेसलरचं गप्पांत चालत नाही हे दिसणंही मला रंजक वाटतं, कारण त्यातूनच ठरत गेलं असणार की कोणाला मॅनेजर द्यायचा आणि कोणाला माइक.

प्राइमटाइम_भक्त

बंद का झाला हा प्रश्न राहूनच गेला म्हणून मी लिहिते. माझं वाचन असं की टीएनटी अपयशी झाला म्हणून गेला नाही, त्याचं काम दुसरीकडे वाटलं गेलं. जानेवारी १९८५ मधे त्याच चॅनलवर प्राइम टाइम रेसलिंग सुरू झालं, मे १९८५ मधे एनबीसीवर सॅटर्डे नाइट्स मेन इव्हेंट. माणसांची ओळख करून द्यायचं काम आता मोठ्या चॅनलवर व्हायला लागलं, आणि होगनला ओळखत नाही असं अमेरिकेत कोणी उरलं नाही. टीएनटीचा तर मंगळवारही टिकला नाही, पुढे वार बदलले, नावात मात्र ट्युझडे तसाच. शेवटचा एपिसोड बुधवारी लागला होता! आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे विन्सचा स्वतःचा वेळ, तोपर्यंत कंपनी कुठल्या कुठे गेली होती.

पण टॉक शोचं भूत त्यांच्या डोक्यातून कधी उतरलं नाही. पायपर्स पिट हा रेसलर रॉडी पायपरचा गप्पांचा सेगमेंट त्याच १९८४ चा, तिथे पायपरने स्नुकाच्या डोक्यात नारळ फोडला, आणि १९८७ मधे आंद्रे द जायंटने होगनला आव्हान दिलं तेही पायपर्स पिटमधेच. ब्रदर लव्ह, बार्बर शॉप, नंतर हायलाइट रील, मिझ टीव्ही, हा सगळा एकच वंश. फरक असा की या सगळ्यात गप्पा म्हणजे मारामारीची प्रस्तावना. पाहुणा आला, दोन वाक्यं झाली, मागून कोणीतरी खुर्ची घेऊन आलाच. टीएनटीवर पुष्कळदा गप्पा म्हणजे गप्पाच असायच्या, पाहुणा येऊन नीट उठून जायचा, आणि मला तेच हवं असतं.

त्या अर्थाने टीएनटीचा खरा वारस म्हणजे प्राइम टाइमवरची गोरिला मॉन्सून आणि बॉबी हीनन या सूत्रसंचालकांची जोडी. दोघं स्टुडिओत बसून मॅचच्या मधे जे बोलायचे त्याला तोड नाही. हीनन वाट्टेल ते खोटं बोलायचा आणि मॉन्सून मोठ्या भावासारखा वैतागायचा. १९८९ मधे तर हीननला प्राइम टाइमच्या आतच स्वतःचा टॉक शो दिला, थोडेच आठवडे चालला, पण जरूर बघा. आणि गंमत बघा, त्याच १९८९ मधे कंपनीने न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सरळ सांगून टाकलं की आमचं हे मनोरंजन आहे, खेळ नाही, म्हणजे अ‍ॅथलेटिक कमिशनचे नियम आणि कर लागू नयेत. शुल्ट्झ ज्या वाक्यासाठी माणसाला मारत होता तेच वाक्य चार-सव्वाचार वर्षांनी कंपनीने स्वतः अधिकृतपणे म्हटलं. ते म्हणायच्या आधीचा विनोद आणि नंतरचा विनोद यात फरक आहे असं मला कायम वाटतं. आताचे कॉमेडी सेगमेंट बघा, सगळे प्रेक्षकाला डोळा मारत असतात, की बघा आम्हालाही माहितीये आणि तुम्हालाही माहितीये. त्यामुळे कशाचंच काही वाटत नाही. मुराको डोळा मारत नाही, तो रुसतो.

मिडकार्डर

'मुराको डोळा मारत नाही' हे एकदम बरोबर पकडलंत. मला त्या क्लिपमधे नेमकं काय आवडलं ते आत्ता कळलं. मग आता सुरुवात कुठून करू? सगळं सलग बघायला वेळ नाहीये.

दोन_पॉइंट_नऊ

फुजी व्हाइस पूर्ण बघ, नुसती नक्कल नको, त्यानंतरच्या सोफ्यावरच्या गप्पांसकट, खरा ऐवज तिथे आहे. मग वॅशनचं लग्न. मग अल्बानो आणि स्टीलचे सेगमेंट, ते क्रमाने बघायला मिळाले तर उत्तम, मधूनच एखादा बघितलास तर नुसता आरडाओरडा वाटेल. त्यानंतर फ्रेडी ब्लॅसी जिथे जिथे पाहुणा आहे ते सगळं, त्या माणसाच्या बोलण्यात इतकी लय होती की विन्सलाही मधे बोलायला जागा मिळत नाही.

कॉर्नरमन

यात १९८४ मधला एखादा साधासुधा एपिसोड पण टाक, मधल्या मॅचेससकट अख्खा, काहीही न गाळता. नुसत्या निवडक क्लिप्स बघून शो कळणार नाही. आणि शुल्ट्झ पाहुणा असेल तो मिळाला तर तोच घे, आवाज जरा कमी ठेवून.